किनाऱ्यावरची तांडेल

फॉर्मवर लीडर म्हणून प्रफुल्लने स्वतःचं नाव घातलं होतं आणि हे मला कळलं तीन दिवसांनी, तेही अनुजकडून. प्रफुल्ल माझा सख्खा चुलत भाऊ. चिंचणीला त्याच्या आणि आमच्या घराच्या मध्ये बोंबील वाळत घालायच्या काठ्या तेवढ्या आहेत, दुसरं काही नाही. रोज सकाळी दात घासताना समोर दिसतो. पण तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही साहेबांची.

अनुज माझ्याच कंपनीत, बोईसरच्या एमआयडीसीत. मी लॅबमध्ये, तो पॅकिंगला. कँटीनमध्ये चहा पिताना त्याने सहज विचारलं की काय गं उन्नती, तू लीडरपद सोडलंस म्हणे, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, कुणी सोडलं? तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की पुढचं काही विचारावंच लागलं नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी एकाच नमुन्याची तपासणी मी दोनदा केली आणि सुपरवायझरने हटकल्यावर त्यालाच उलटून बोलले.

आता लीडर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर म्हणाल एवढ्याशावरून पोरगी पेटली. 'ग्रे बटालियन' नावाचा गेम आहे, लढाईचा. पहिला भाग आला तेव्हा कोणीही यावं, कशीही बंदूक चालवावी, ज्याने जास्त मारले तो मोठा, असा सगळा कारभार होता. नुसता मासळीबाजार. गेल्या वर्षी दुसरा भाग आला आणि त्याच्या मल्टिप्लेअरमध्ये सगळं पालटलं. चार जणांची तुकडी, त्यातला एक लीडर. लीडर नकाशावर खूण करेल तिथे बाकीच्यांनी जायचं. गेले तर तुकडीला गुण, नाही गेले तर गुण कापले. लांबची बंदूक कोणाच्या हातात द्यायची ते लीडर ठरवणार. आणि लीडर मेला की मेलेले बाकीचे परत उठत नाहीत, खेळ तिथेच आटपला. पहिल्या भागातले मोठमोठे तीसमारखां दुसऱ्या भागात सपशेल आपटले, कारण एकाचं ऐकायची त्यांना सवयच नव्हती.

मला होती. माझा बाबा तांडेल आहे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, माघारी कधी फिरायचं, सगळं त्याच्या शब्दावर. घरात लहानपणापासून एकच कायदा ऐकत आले की पाण्यात तांडेलाला उलट बोलायचं नाही. जे काय भांडायचं ते किनाऱ्यावर. आणि भांडतात हं. होडी लागली, मासळी उतरली की शिवाजीकाका, म्हणजे प्रफुल्लचा बाप, वाळूत पाय रोवून बाबाला काय काय ऐकवतो. तिकडे कशाला टाकलं जाळं, इकडे का नाही फिरवली, पोटावर पाय द्यायचा विचार हाय काय. बाबा मान खाली घालून ऐकतो. दुसऱ्या दिवशी पाण्यात पुन्हा काकाच्या तोंडाला कुलूप. हे सगळं मी वाळूवरून बघत मोठी झाले.

वाळूवरूनच. कारण होडीवर बाई चालत नाही. होडीला कुंकू लावायला चालते, तेही ती वर ओढून ठेवलेली असताना. मासळी निवडायला चालते, सुकवायला चालते, टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात घसा फोडायला चालते. माझी आई, नलू, तीस वर्षं त्या होडीच्या मासळीवर घर रेटतेय, पण होडीत पाय ठेवलेला नाही तिने. सहावीत असताना मी एकदा बाबाला म्हटलं होतं, मला ने की एकदा. बाबा हसला. रागावला असता तर परवडलं असतं, तो नुसता हसला आणि जाळं खांद्यावर टाकून गेला.

तर दुसरा भाग आला तेव्हा आम्ही चौघं जमलो. मी, प्रफुल्ल, अनुज आणि बबलू. प्रफुल्ल होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, त्याला दुपारी वेळच वेळ. बबलू बिहारचा, सालवडला चाळीत राहतो, स्टीलच्या कारखान्यात क्रेनवर आहे. बोईसरला नवापूर रोडवर पहिल्या मजल्यावर एक गेमिंग झोन आहे, पहिली पाळी सुटली की आम्ही तिथे. पहिल्याच दिवशी मी कायदा घातला. खेळ चालू असताना तांडेल एकच, ती मी. मी विचारलं तर सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. माझ्या नावाने काय शंख करायचा तो खेळ संपल्यावर जिन्यात. बबलूला हे भारी आवडलं. तो म्हणाला की आमच्या कारखान्यात तर जिन्यातसुद्धा बोलता येत नाही.

आणि आम्ही जिंकायला लागलो. बाकीच्या टीममध्ये चौघं चार दिशांनी कोकलतात, आमच्याकडे एकच आवाज. टीमचं नाव 'सुके बोंबील' ठेवलं तेव्हा वसई-विरारची मुलं फिदीफिदी हसली होती, चार महिन्यांत हसणं बंद झालं. हरलो की जिन्यात मी खाली मान घालून ऐकायचे, बाबासारखी. अनुज तर बोटं मोजत माझ्या चुका सांगायचा. मला राग यायचा नाही. आत्ताच्या या पोरीला तेव्हा बघितलं असतंत तर ओळखलं नसतंत तुम्ही.

मग पालघरची स्पर्धा जाहीर झाली. मोठा हॉल, आठ टीम, एका रविवारी सगळं. भिंतीवर मोठे पडदे लावणार, त्यावर प्रत्येक खेळाडूला काय दिसतंय ते लोकांना दिसणार. आणि लीडरचा आवाज स्पीकरवर. हे वाचलं त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. बक्षीस गेलं खड्ड्यात. बाबाने खुर्चीवर बसून एकदा ऐकायला हवं होतं की चार जण माझ्या शब्दावर चालतात. मी त्याला म्हटलं, रविवारी पालघरला ये, माझा आवाज ऐकायला ये. तो म्हणाला की उधाणाचे दिवस हायत, बघू. मी आठवडाभर पिच्छा सोडला नाही तेव्हा कुठे हो म्हणाला.

आणि आता अनुज कँटीनमध्ये सांगतोय की लीडर प्रफुल्ल.

पाळी सुटल्यावर मी गेमिंग झोनला गेलेच नाही, रिक्षा पकडून सरळ चिंचणी गाठली. प्रफुल्ल ओट्यावर इंजिन उघडून बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. मी विचारल्यावर पानाच फिरवत राहिला. मग हळूहळू बाहेर आलं. त्याचं वडराईच्या किंजलशी जमत आलंय. किंजलचे दोन भाऊ रविवारी हॉलमध्ये येणार आहेत मुलगा बघायला. त्यांच्यासमोर स्पीकरवर बहीण हुकूम सोडतेय आणि हा तिच्या हाताखाली पळतोय, हे बरं दिसतं का? एका दिवसाचा तर प्रश्न, असं वर मलाच सांगतो.

मी म्हटलं, वर्षभर पळालास तेव्हा पाय दुखले नाहीत ते?

"मी तुझ्या बाबाला विचारला," प्रफुल्ल म्हणाला. "तो पण बोलला, तांडेल बाई नसते."

काठ्यांमधून वाट काढत आमच्या अंगणात आले. बाबा जाळं शिवत होता. मी विचारलं, असं बोललास तू? त्याने सुई थांबवली नाही. म्हणाला की नावात काय हाय, खेळायला मिळतंय ना तुला. मी पुन्हा विचारलं, बोललास का?

"बोललो," बाबा म्हणाला. "खोटा काय हाय त्यात?"

आई आतून आली, माझ्याकडे बघितलं आणि चूल फुंकायला परत गेली. तिचाही मला राग आला. त्या दिवशी मला अख्ख्या गावाचा राग आला होता. जेवले नाही, रडले मात्र भरपूर, आणि रडले त्याचाही राग आला.

अनुज म्हणाला की सोडून दे, आपण तिघंही सोडू, नाचू दे त्याला एकट्याला. पण बबलूने रविवारच्या जादा पाळीला नाही म्हणून सांगून ठेवलं होतं, बिचाऱ्याने नवा शर्ट घेतला होता. मी म्हटलं, खेळायचं. आणि माझाच कायदा पाळायचा, अगदी अक्षरशः. प्रफुल्ल तांडेल ना? मग त्याचा शब्द तो शब्द. विचारलं तरच बोलेन. बघू दे सगळ्यांना, तांडेल कसा असतो ते. खोटं कशाला बोलू, हे ठरवताना माझ्या पोटात जी गार झुळूक गेली ती काही कायद्याच्या प्रेमाची नव्हती.

रविवारी बाबा लग्नातला पांढरा शर्ट घालून पुढच्या रांगेत. शेजारी शिवाजीकाका, त्याच्या शेजारी किंजलचे दोघे भाऊ, केसांना तेल लावून. किंजल नव्हती. तिला कोण विचारतंय.

पहिला सामना आम्ही जिंकलो. समोरची टीम कॉलेजच्या नवशिक्या मुलांची, त्यांना मारायला लीडरच लागत नाही. पण प्रफुल्लचा आवाज हॉलभर घुमत होता, "चला, माझ्या मागं, माझ्या मागं," आणि काका मागे वळून वळून लोकांकडे बघत होता. मध्ये पाणी प्यायला उठलो तेव्हा किंजलच्या थोरल्या भावाने प्रफुल्लच्या पाठीवर थाप मारली. मला म्हणाला, ताई तुमी पण छान खेळता. मी त्याला धन्यवाद म्हटलं. दातओठ खाऊन धन्यवाद म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.

उपांत्य सामना वसईच्या टीमशी. नकाशा मिळाला बंदराचा. हा नकाशा मला तळहातासारखा पाठ. मधे कंटेनरच्या रांगा, एका टोकाला उंच क्रेन, आणि क्रेनच्या पायाशी एक मोठं गटार उघडतं. बंदरावर क्रेनवर चढायचं नाही, हे आमचं ठरलेलं. वरून छान दिसतं, पण गटारातून कोणी आलं की उतरायला जागा नाही. वर्षभरात मी एकदाही आमच्यातल्या कोणाला तिथे चढू दिलं नव्हतं. आणि प्रफुल्लने सामना सुरू झाल्या झाल्या खूण केली, क्रेनवर.

का केली ते मला बरोबर कळलं. क्रेनवरून लांबच्या बंदुकीने टिपलेला माणूस पडद्यावर फार झोकात पडतो. लांबची बंदूक त्याने स्वतःकडेच घेतली होती. अनुजने माझ्याकडे मान वळवून बघितलं. मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. चढले. अनुज आणि बबलूही चढले.

वर गेल्यावर प्रफुल्लने एकाला टिपला. हॉलमध्ये टाळ्या. मी गटाराच्या बाजूला होते. माझी बंदूक जवळची, तिचा मारा खालपर्यंत पोचत नाही. आणि तेवढ्यात गटाराच्या तोंडाशी मला एक डोकं दिसलं. मग दुसरं. ते दोघं तिथे चांगले सात-आठ सेकंद बसून राहिले होते, आमची खात्री करत. सात-आठ सेकंद म्हणजे या खेळात पुष्कळ झाले. 'प्रफुल्ल, गटार' एवढे दोन शब्द बोलले असते तरी त्याने वळून एकाला तरी पाडला असता. तो विचारत नव्हता. स्पीकरवर आपलंच कौतुक चाललं होतं, "अजून एक दिसतोय, थांबा, थांबा." तो विचारेल याची मी वाट बघत राहिले. मग खालून बाँब आला. प्रफुल्ल पहिला गेला, पाठोपाठ आम्ही तिघं, आणि लीडरच मेलेला, तेव्हा कोणी उठायचा प्रश्नच नाही. वसईची मुलं खुर्च्यांवर उभी राहून नाचली.

हॉलच्या बाहेर जिना आहे. मी हेडफोन टेबलावर आपटला आणि जिन्यात येऊन उभी राहिले. किनारा आला होता, आता बोलायची माझी पाळी. प्रफुल्ल आला, मागून अनुज, बबलू, आणि बाबा, काका, वडराईचे दोघेही. मी कोणाची भीड ठेवली नाही. म्हटलं, क्रेनवर चढायचं नाही हे वर्षभर घोकलंय आपण, चढलास कशाला? मिरवायला? पाहुण्यांना दाखवायला? माझं नाव खोडलंस, मला विचारलं नाहीस, ते एक वेळ राहू दे; पण जागा मिळाली तर ती नीट सांभाळ तरी. टाळ्या ऐकत बसलास आणि खाली दोन माणसं दुकान मांडून बसली होती. प्रफुल्ल लाल झाला. काका मध्ये पडला की पोरी, आवाज खाली. मी म्हटलं, काका, तू वाळूवर बाबाला बोलतोस तेव्हा तुझा आवाज चिंचणीच्या नाक्यापर्यंत जातो, मला काय सांगतोस.

तेव्हा बाबा पुढे आला. माझ्या बाजूने बोलेल असं मला अजूनही वाटत होतं, एवढी मी वेडी.

"खाली दोघं होते, ते तुला दिसले," तो म्हणाला. "पडद्यावर आमी बघत होतो. तुझ्या पडद्यात मधोमध होते. मग वरडली का नाय?"

मी म्हटलं, तुझाच कायदा. पाण्यात तांडेलाला उलट बोलायचं नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

बाबा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काहीतरी परकी भाषा बोललेय. मग त्याने काकाकडे बघितलं आणि काकाने नकारार्थी मान हलवली.

"उलट बोलू नको, म्हंजे जाळं कुठं टाकायचं त्यावर वाद घालू नको," बाबा म्हणाला. "पण खडक दिसला, आडवी होडी दिसली, तर ज्याला दिसला त्याने वरडायचं. आईवरून शिवी घालून वरडायचं. तांडेल झोपलेला असला तर लाथ मारून उठवायचं. नाय वरडला त्याला परत होडीवर घेत नाय कोण. हे ठाऊक नाय तुला?"

"मला कुठून ठाऊक असणार?" मी म्हटलं. "मी होडीवर होते?"

जिन्यात वर-खाली करणारी मुलं थांबून बघायला लागली होती.

"मला वाटला, घरात सगळ्यांना म्हाईत असल," शेवटी बाबा म्हणाला.

मला खूप बोलायचं होतं. चोवीस वर्षं मी तुझा कायदा वाळूवरून ऐकला, वाळूवर जेवढा पोचला तेवढाच माझ्याकडे आला, उरलेला अर्धा तुम्ही पाण्यात ठेवून येत होतात, असं बरंच काही. पण माझं लक्ष बबलूकडे गेलं. तो कठड्याला टेकून पायाकडे बघत होता. मी विचारलं, बबलू, माझ्यावेळी तुला कधी दिसायचं का? मी लीडर असताना?

"कई बार दिखता था, दीदी," बबलू म्हणाला. "बोले नहीं. आपका नियम था."

अनुजने मान डोलावली. म्हणजे त्यालाही दिसत होतं. नाताळच्या सुमाराला विरारच्या टीमकडून आम्ही हरलो होतो, तेव्हा मी जिन्यात बबलूला म्हटलं होतं की तुझे डोळे आहेत की बटणं. आणि तो बिचारा मूग गिळून उभा राहिला होता. त्याला दिसलं होतं. माझ्या अर्ध्या कायद्याने मी वर्षभर तीन धडधाकट माणसांची तोंडं शिवून ठेवली होती आणि वर त्यालाच शिस्त म्हणत होते. आणि आज सात-आठ सेकंद मी स्वतः गप्प राहिले, ती तर निव्वळ शिस्तही नव्हती. प्रफुल्ल बुडावा असं मला वाटत होतं. मला बाबाचा राग होता, प्रफुल्लचा होता, आता त्यात माझा मलाही आला.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना अजून बाकी होता, डहाणूच्या टीमशी. मी वर जाऊन आयोजकांच्या टेबलाशी उभी राहिले आणि म्हटलं, लीडर बदलायचाय. तिथल्या मुलीने, मोनाली नाव होतं तिच्या बिल्ल्यावर, सांगितलं की चौघांच्या सह्या हव्यात. अनुजने केली, बबलूने केली. प्रफुल्ल पेन हातात घेऊन वडराईच्या पाहुण्यांकडे बघत राहिला. काका त्याला डोळ्याने खुणावत होता की नको करू.

किंजलचा थोरला भाऊ शेवटी वैतागला. "अरे दे ना सही," तो म्हणाला. "मघाशी बुडवलीस ती बस झाली."

प्रफुल्लने सही केली. पेन एवढं दाबलं की कागद फाटायचा बाकी राहिला. मला त्याची दया वगैरे काही आली नाही.

मी हेडफोन घातला. माझा श्वास स्पीकरवर ऐकू आला. मी तिघांना म्हटलं, "लीडर मी आहे. कुठे जायचं ते मी सांगणार, त्यावर वाद नको. पण काही दिसलं तर ओरडायचं. मी बोलत असले तरी ओरडायचं. शिवी आली तरी चालेल." मागे कोणीतरी हसलं. बाबा त्याच खुर्चीत बसला होता, एवढं मी बघितलं आणि मग बघायचं बंद केलं.

नकाशा आला डोंगरातल्या गावाचा. मी पहिली खूण शाळेमागच्या भिंतीवर केली. बबलू पहिल्याच मिनिटाला ओरडला की दीदी, बाएँ, खिड़की, आणि मी खाली वाकले म्हणून वाचले. मग अनुज ओरडला. थोड्या वेळाने दोघं एकदमच ओरडायला लागले, मला कानात काही कळेना, मी दोघांनाही झापलं की एकेकाने ओरडा. सवय नव्हती कोणालाच, मलाही नाही. दोनदा मी उगाचच घाबरून माघार घेतली. प्रफुल्ल मात्र एवढा वेळ गप्प. सांगेन तिथे जात होता, सांगेन त्याला मारत होता, तोंडातून चकार शब्द नाही. शेवटी समोर एकच माणूस उरला; आमचे अनुज-बबलू पडलेले, अजून उठायचे होते, उरलो मी आणि प्रफुल्ल. मी विहिरीच्या बाजूने पुढे निघाले.

"उन्ने, छपरावर," प्रफुल्ल ओरडला. "तुझ्या डोक्यावर हाय तो, आंधळे."

मी वर बघितलं आणि गोळी झाडली. तिसरा क्रमांक. अनुजने मला खुर्चीसकट उचललं. प्रफुल्लने हेडफोन काढून ठेवला, माझ्याकडे न बघता म्हणाला की विहिरीकडून जायची जागा नव्हती ती. मी म्हटलं, हे जिन्यात बोल. तो म्हणाला, बोलणारच हाय.

परतताना काका, प्रफुल्ल आणि पाहुणे गाडीने गेले. गाडीत जागा होती, पण मी एसटी पकडली आणि बाबा माझ्या मागून एसटीत चढला. खिडकीशी बसला. उमरोळी गेली. मग तो घसा खाकरून म्हणाला की आवाज मोठा हाय तुझा, लांब जाईल. तो थोडा सरकून बसला आणि सांगायला लागला. म्हणजे त्याने मनात यादीच केली असावी. धुकं आलं की तांडेलाने काय करायचं. वारा फिरला की पहिलं सर्वांत जुन्या खलाशाला विचारायचं, मग ठरवायचं. जाळं खडकात अडकलं तर कापायचं कोणी आणि कापायला सांगायचं कोणी. एवढं एका दमात तो माझ्याशी आयुष्यात बोललेला नाही. हाताने हवेत नांगर टाकून दाखवत होता, शेजारची बाई बघत होती.

त्याला बरं वाटत होतं, हे मला दिसत होतं. अर्धं राहिलेलं पुरं करून टाकावं, म्हणजे फिटलं, असं त्याच्या मनात होतं. आणि मला ऐकावंसंही वाटत होतं, तेच तर वाईट. इतकी वर्षं मी हेच ऐकायला तरसले होते. पण धुकं आलं की काय करायचं हे मला बोईसरच्या एसटीत बसून ऐकायचं नव्हतं.

"सांगू नको, बाबा," मी म्हटलं. "ने."

त्याचा हात हवेतच राहिला. मग त्याने तो मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. कंडक्टर येऊन गेला, लोक उतरले, चढले. बोईसर आलं तरी त्याने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, आणि मी दुसरं काही विचारलं नाही.